अंगणातील दगडी व मातीच्या वस्तूंची डागडुजी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांच्या अंगणात चिऱ्याचे तुळशी वृंदावन, भाजक्या मातीच्या कुंड्या आणि चिनी मातीची शोभेची भांडी एकत्र नांदतात. तडा गेला की या साऱ्यांना एकच गोंद लावला जातो आणि चूक तिथेच होते.

चिरा, म्हणजेच जांभा दगड, सच्छिद्र असतो. पावसाळ्यात शोषलेले पाणी तो उन्हात बाहेर टाकतो. सिमेंट किंवा एपॉक्सीचा जाड थर ही वाट अडवतो. मग सांधा टिकतो, पण शेजारचा दगड भुसभुशीत होऊन झडू लागतो. म्हणून वृंदावनाची भेग एक भाग चुना व तीन भाग बारीक वाळू यांच्या मिश्रणाने बुजवावी. भेग आधी ओली करावी आणि भरल्यावर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकावी.

डिचोलीच्या कुंभारांनी घडविलेल्या कुंडीचा तुटलेला काठ मात्र एपॉक्सीने जोडता येतो. चिनी मातीलाही हीच रीत लागू पडते. कडा ब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळवाव्यात. दोन्ही घटक वेष्टनावरील प्रमाणात मिसळून पातळ थर द्यावा आणि तुकडा वाळूच्या घमेल्यात रोवून २४ तास हलवू नये. एपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, त्यामुळे सांध्यावर रंग द्यावा. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असल्याने उघड्यावर टिकत नाही.

पाऊस ओसरल्यापासून तुळशी विवाहापर्यंतचा काळ या कामास उत्तम. वृंदावनाला नवा रंग चढतो तोही तेव्हाच.