वर्गातल्या हवेचा हिशेब

वर्ग कोंदट असतो हे शिक्षकांना पूर्वापार ठाऊक होते. पण कोंदट म्हणजे किती, याला आकडा मिळाला तो १८५८ साली म्युनिकमध्ये. माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने खोल्यांतला कर्बवायू मोजला आणि हजार भाग हवेत एक भाग, ही मर्यादा सांगितली. एवढा वायू विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासाने व अंगाने हवा किती बिघडली, त्याची ती खूण. (हाच गृहस्थ १८९२ मध्ये पटकीचे जंतू मुद्दाम प्यायला. जंतू एकटे रोग करत नाहीत, हे त्याला दाखवायचे होते. तिथे तो चुकला. हवेबाबत मात्र त्याचा आकडा टिकला.)

१८८७ मध्ये कार्नेली, हॉल्डेन आणि अँडरसन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातील घरांची व शाळांची हवा तपासून निष्कर्ष छापले. यंत्राने हवा खेळवलेल्या शाळांत कर्बवायूही कमी होता, सूक्ष्मजीवही. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मुलामागे मिनिटाला ३० घनफूट हवेचा नियम केला. पंखे आले, भिंतीतून हवेचे मार्ग आले.

मला यात खटकते ते वेगळेच. थंड देशात ताजी हवा म्हणजे कोळसा. आत घेतलेले प्रत्येक घनफूट तापवावे लागते. म्हणून मुलांना हवा किती, हा प्रश्न सतत इंधनाच्या खर्चाशी बांधलेला राहिला. १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी रानात शाळा उघडली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला तर भर हिवाळ्यात उघड्या खिडक्यांशी वर्ग भरला. मुले जाड पिशव्यांत कमरेपर्यंत शिरून, पायाशी तापवलेले दगड घेऊन बसत. क्षयाची भीती होती, म्हणून हा खटाटोप मान्य झाला. मोकळी हवा औषध ठरली, आणि औषध आजाऱ्यालाच द्यायचे असते! धडधाकट मुले बंद वर्गांतच राहिली.

१९२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वायुवीजन आयोगाचा अहवाल आला. पंख्यांच्या वर्गांपेक्षा साध्या खिडक्यांच्या वर्गांत श्वसनाचे आजार कमी, असे त्यात आढळले. डंडीच्या निष्कर्षांशी हे जुळत नाही, असे वरवर वाटेल. माझ्या मते, डंडीत तुलना होती ती कोंडलेल्या वर्गांशी. न्यूयॉर्कच्या खिडक्या खरोखर उघडत होत्या.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर हिशेब पुन्हा इंधनाकडे झुकला. अमेरिकी अभियंत्यांच्या १९८१ च्या मानकात वर्गातल्या प्रत्येक माणसामागे अवघे ५ घनफूट उरले. १९८९ मध्ये ते १५ झाले, म्हणजे पेटेनकोफरच्या हजारात एकच्या आसपास. जुन्या नियमाच्या मानाने तरीही निम्मेच.