वाटेवरचा घास

नांदेडहून लातूरला जाणारा प्रवासी आज लोहा, अहमदपूर वा चाकूर येथे उतरून वडापाव सहज खातो. त्यातील बटाटा, मिरची व पाव पोर्तुगीजांबरोबर आले. बेसन तेवढे आपले! पण मला सांगावयाचे आहे ते पंक्तीविषयी. पूर्वी वाटसरू शिदोरी बांधूनच निघे, कारण परजातीच्या हातचे अन्न निषिद्ध. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे जेथे देहावसान झाले, त्या नांदेडचा लंगर हा ठळक अपवाद. तेथे राव-रंक एकाच पंक्तीस बसतात. पुढे चहाची हॉटेले निघाली, तरी कित्येक ठिकाणी अस्पृश्यांची कपबशी निराळीच राहिली. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख केला. निराळी कपबशी मात्र कित्येक गावी त्यानंतरही वर्षानुवर्षे हॉटेलाबाहेर पडून होती.