‘खासगी’पासून ‘गोपनीयते’पर्यंत

अरबी ‘खास’ला फारसी प्रत्यय लागून सिद्ध झालेला ‘खासगी’ हा शब्द मराठीत प्रथम राजवाड्याचा होता. होळकरांच्या दौलतीत खासगीची मिळकत सरकारी खजिन्याहून निराळी मानली जाई. सामान्य माणसाच्या जीवनास हे विशेषण पुढे लागले. त्या जीवनात खासगी असे कितपत होते, हे पाहण्यास रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

येथील हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामास गेले आणि चाकरमानी व घर यांना टपालाने जोडले. पोस्टकार्ड १८७९ मध्ये व टपालाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. निरक्षर घरी कार्ड शेजारी अथवा पोस्टमन वाचून दाखवी. आलेली रक्कमही लपून राहत नसे. पत्नीस पतीला कळवावयाचे ते दुसऱ्याच्या लेखणीतूनच कळवावे लागे. तिची ही अडचण लहान नव्हती. तथापि पत्र कोणी वाचले, हे तिला ठाऊक असे.

सरकारी वाचकाची गोष्ट निराळी होती. १८८५ च्या तारायंत्र कायद्याने व १८९८ च्या टपाल कायद्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याचा वापर झाल्याचे पत्र लिहिणाऱ्यास सहसा कळत नसे.

आज तीच गृहिणी मोबाईलवर स्वतः बोलते, आणि २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे पैसेही स्वतःच स्वीकारते. शेजाऱ्याची मध्यस्थी संपली, हा लाभ खराच. परंतु रक्कम, वेळ आणि देणारा यांची नोंद बँकेकडे व संबंधित कंपनीकडे राहते. ती पुढे कोण पाहील, हे तिला सांगता येत नाही. पूर्वी सरकारी वाचकाविषयी जे अज्ञान होते, ते आता नित्य व्यवहारास व्यापून राहिले आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. ‘लपविण्यासारखे नसेल तर भीती कशाची?’ हा आक्षेप मात्र अद्याप ऐकू येतो. तो ‘गोपनीय’ म्हणजे केवळ ‘गुप्त’ असे मानल्याने उद्भवतो. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुप्’ धातूचा धातुपाठातील अर्थ ‘रक्षण करणे’ असा आहे. रत्नागिरीच्या त्या गृहिणीस लपवावयाचे फारसे काही नव्हते. आपले बोलणे कोणाच्या कानी जावे, हे ठरविण्याची मुभा तिला हवी होती. ती मुभा हेच या हक्काचे मर्म होय.