थर्मासातले सूप आणि ड्यूअरचा द्रवरूप ऑक्सिजन

सकाळी सातला घरचे टोमॅटो सूप नाहीतर मुगाचे कढण थर्मासात भरायचे आणि दुपारी एकच्या सुटीत ते गरम गरम प्यायचे, याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. ‘आत गरम ठेवायचे की गार, हे थर्मासला कसे कळते?’ हा जुना विनोद मात्र अजून वर्गात हशा पिकवतो. या विनोदात इतिहासाचा एक धागा दडलेला आहे, कारण थर्मास जन्माला आला तो गार पदार्थासाठी आणि तोही विलक्षण गार!

पोलंडमधल्या क्रॅकोव्ह शहरात व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी १८८३ साली ऑक्सिजन द्रवरूपात मिळवला. हा द्रव उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. साध्या काचपात्रात तो ठेवला तर भोवतालची हवाच त्याची शेगडी बनते. द्रव भराभरा उडून जातो आणि पात्रावर बाहेरून हिम धरल्यामुळे आतले काही दिसतही नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणाऱ्या जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञापुढे हीच अडचण होती. द्रव तयार करणे जमले होते, तो टिकवायचा कसा?

१८९२ साली त्याने एकात एक बसणारी दोन काचपात्रे तोंडाशी जोडून घेतली आणि मधल्या पोकळीतली हवा काढून टाकली. हवाच नाही म्हटल्यावर वहन आणि अभिसरण हे उष्णतेचे दोन मार्ग जवळजवळ बंद झाले. राहिले प्रारण. त्याला माध्यम लागत नाही, नाहीतर सूर्याची ऊब आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती. म्हणून ड्यूअरने पोकळीकडच्या काचेला चांदीचा आरसा चढवला. नुसत्या निर्वातामुळे द्रव उडण्याचा वेग सुमारे एक पंचमांशावर आला होता. चांदीनंतर तो सुमारे एक तिसांशावर आला. आम्हाला या शोधातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. निर्वाताचे श्रेय सगळे देतात, पण आरशाचा वाटाही तितकाच मोठा आहे. पुढे १८९८ साली ड्यूअरने हायड्रोजन द्रवरूपात आणला, तो उणे २५३ अंशांचा. अशा पात्रांवाचून ते अवघडच होते.

ड्यूअरने या पात्राचे पेटंट घेतले नाही. ते प्रयोगशाळेचे साधन, एवढेच त्याने मानले. बर्लिनमधला काचकारागीर रायनहोल्ड बर्गर याला मात्र त्यात स्वयंपाकघर दिसले. नाजूक काचेला त्याने धातूचे आवरण दिले, आतले पात्र हलू नये म्हणून आधार बसवले आणि १९०३ साली जर्मन पेटंट मिळवले. लगेच १९०४ मध्ये ‘थर्मास’ नावाने उत्पादन सुरू झाले. उष्ण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. गाराचे भांडे गरमाच्या नावाने ओळखले जाऊ लागले ते असे. ड्यूअर न्यायालयात गेला, पण पेटंटच नसल्याने त्याच्या हाती काही लागले नाही. गंमत म्हणजे पुढे ते नाव कंपनीच्याही हातून निसटले. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९६२ साली ‘थर्मास’ हा सर्वसामान्य शब्द झाल्याचे मान्य केले. मराठीत तर आपण त्याचे अनेकवचनही मुकाट्याने चालवतो!

जुना काचेचा थर्मास मिळाला तर वर्गात त्याची ‘रिफिल’ जपून बाहेर काढून दाखवावी. बुडाशी काचेचे एक टोक दिसेल. हवा काढून पात्र तिथेच वितळवून बंद केलेले असते. ते टोक मोडले की पोकळीत हवा शिरते आणि थर्मास साध्या बाटलीसारखा वागू लागतो. आजच्या पोलादी थर्मासातही तत्त्व हेच आहे. उष्णता मुख्यतः जाते ती तोंडातून आणि झाकणातून.

आता सुपाकडे येऊ. थर्मास उष्णता निर्माण करीत नाही, फक्त तिचे जाणे लांबवतो. समजा, खोलीचे तापमान ३० अंश आहे आणि ९० अंशांचे सूप पहिल्या तासात ८५ वर आले. न्यूटनच्या शीतकरण नियमाने सहा तासांनी ते साधारण ६६ अंशांवर असेल. तेच सूप ‘पिण्याजोगे’ झाल्यावर, म्हणजे ६० अंशांना भरले, तर एक वाजता ते ४८ वर येते. प्रश्न नुसत्या चवीचा नाही. काही जीवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि ६० अंशांच्या खाली उतरत गेले की त्यांतून जीवाणू वाढू लागतात. मांसाच्या रश्शात आढळणाऱ्या एका जातीला तर ४५ अंशांच्या आसपासची ऊबच मानवते. अशा वेळी थर्मास त्यांची दुलई होतो! काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही, आणि वासावरून काही कळेलच असेही नाही.

म्हणून थर्मासात आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे, म्हणजे थंड भिंती सुपाची उष्णता खाणार नाहीत. मग ते ओतून, खदखदते सूप गळ्यापर्यंत भरावे आणि सुटीपर्यंत झाकण उघडू नये. नववी-दहावीच्या मुलांकडून एकसारखे दोन थर्मास, एक असा तापवून आणि एक तसाच, उकळत्या पाण्याने भरून घ्यावेत आणि सहा तासांनी दोन्हींचे तापमान मोजून घ्यावे. त्यानंतर तिसरा थर्मास अर्धाच भरून पाहावा.