भीमेकाठचा चालता महाल (थ्रेड)

मोडीत निघालेली बस किंवा रेल्वेचा जुना डबा शेताच्या कडेला आणून उभा करावा, आत पलंग, दिवे आणि न्हाणीघर बसवावे, आणि शहरातल्या माणसाने चांगले दाम मोजून तेथे एक रात्र काढावी, या हौसेला आज ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव आहे. रानात राहायचे, पण रानातली गैरसोय सोसायची नाही, हे तिचे सूत्र. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही स्वीकारले. सगळे कसे नवे वाटते. प्रत्यक्षात सोलापूर जिल्ह्याच्या मातीने हा थाट तीनशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे, आणि तोही अशा प्रमाणावर की आजचे कोणतेही रिसॉर्ट त्यापुढे पोरखेळ ठरावे.

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या वेशीवरचे गाव. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे सहज कानावर पडतात. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. हीच भीमा वरच्या अंगाला मंगळवेढे तालुक्यातील ब्रह्मपुरी आणि माचणूर या गावांना वळसा घालून येते. १६९५ च्या उन्हाळ्यात औरंगजेब ब्रह्मपुरीला उतरला आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथून हलला नाही. त्याने गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले. माचणूरचा किल्ला याच मुक्कामाची खूण म्हणून आजही सिद्धेश्वराच्या देवळाशेजारी, नदीकाठी पडझडलेल्या तटांनिशी उभा आहे.

या मुक्कामाला ‘तळ’ म्हणणे म्हणजे हत्तीला जनावर म्हणण्यासारखे आहे. चूक नाही, पण अंदाज येत नाही.

मोगलांच्या छावणीचा साचा घडवला अकबराने. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्याचे तपशील बारकाईने दिले आहेत. बादशाही निवासाचा एक संच हलवण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. डेरे उभारण्यासाठी १,००० फर्राश, वाट आणि जमीन सपाट करण्यासाठी ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, चामड्याचे काम करणारे ३० कारागीर आणि १५० झाडूवाले. निवासाभोवती ‘गुलालबार’ नावाचे तांबड्या कापडाचे, घडी घालता येणारे कुंपण असे. त्याची एक बाजू शंभर गजांहून कमी कधीच नसे आणि त्याच्या दारांना कुलपेही असत. आत अठरा खांबांवर उभारलेला, लाकडी तक्तपोशीचा दुमजली मंडप. वरच्या मजल्यावर बादशहाची प्रार्थना होई. चाळीस गज उंचीच्या डोलकाठीवर ‘आकाशदिया’ लावीत, म्हणजे रात्री वाट चुकलेल्या शिपायाला आपला तळ कुठे आहे ते दुरून कळे.

त्याच ग्रंथात एका विलक्षण गाड्याची नोंद आहे. अकबराने एक असा प्रचंड गाडा करवून घेतला होता की त्यात कित्येक न्हाणीघरे मावत. एक हत्ती तो ओढून नेई. प्रसंगी बैलही जुंपता येत. चाकांवरच्या स्नानगृहाचे आधुनिक शिल्पकार कोण, हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी सोळाव्या शतकापर्यंत मागे यावे.

खरी युक्ती मात्र जोडसंचाची होती. सारे सामान दोन प्रतींत असे. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. याला ‘पेशखाना’ म्हणत. औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासात सोबत असलेला फ्रेंच वैद्य बर्निये सांगतो की या पुढच्या संचासाठी साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. बादशहा पोहोचण्यापूर्वीच महाल तयार. प्रवास घडे, पण घर सुटत नसे.

ब्रह्मपुरीच्या थोडे आधी, १६९५ च्या मार्चमध्ये, जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगली येथे औरंगजेबाच्या छावणीत आला. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि आत अडीचशे बाजार, असे त्याने लिहून ठेवले. घोडदळ ६०,००० आणि पायदळ १,००,००० असे आकडे त्याला सांगण्यात आले. व्यापारी, कारागीर आणि बाजारबुणगे यांची गणती त्याहून किती तरी मोठी. त्याला हे चालते शहरच वाटले. या शहराच्या मध्यभागी त्याला दिसलेला माणूस मात्र ठेंगणा, कृश, वयाने वाकलेला आणि काठीच्या आधाराने चालणारा होता. पांढऱ्या वेषात बसून, चष्म्याशिवाय, तो लोकांचे अर्ज स्वतः वाचत होता. एवढा ऐषाराम ज्याच्या नावाने चाले, त्याची स्वतःची राहणी साधी होती, हा या कथेतला विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही. छावणी बादशहाच्या सुखासाठी नव्हती. ती त्याच्या सत्तेची सावली होती. ती आक्रसली असती तर सत्ताच आक्रसली असे लोकांनी मानले असते.

सरदारांची गोष्ट निराळी. त्यांना थाट हवाच होता.

१६९५ चा नोव्हेंबर. बादशहा ब्रह्मपुरीत असताना, दक्षिणेत आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरीजवळ कासिमखानाला संताजी घोरपड्यांची वाट अडवायची होती. त्याच्या मदतीला खानाजादखान येत होता. हा बड्या घराण्यातला पाहुणा. त्याचा पाहुणचार यथासांग व्हावा म्हणून कासिमखानाने अदोनीच्या किल्ल्यातून नवे डेरे आणि सोन्याचांदीची व चिनी मातीची भांडी बाहेर काढली आणि हा सगळा सरंजाम सैन्याच्या काही कोस पुढे पाठवून दिला. संताजींना हेर पुरेसे होते. त्यांनी आपल्या फौजेचे तीन भाग केले. पहिली तुकडी थेट या पुढे गेलेल्या डेऱ्यांवर तुटून पडली. मागून कासिमखान धावून आला, तोच दुसऱ्या तुकडीने त्याला गाठले, आणि तिसरीने मागे राहिलेली छावणी लुटली. मोगल सैन्य दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले. आत दाणा नाही, चारा नाही. भुकेल्या जनावरांनी छपरांचे गवतही सोडले नाही. कासिमखान त्या गढीतच मेला. अफू न मिळाल्याने म्हणा किंवा विष घेऊन म्हणा, दोन्ही वदंता आहेत. उरलेल्यांनी जबर खंडणी कबूल करून जीव वाचवला.

मराठ्यांच्या स्वारांजवळ त्या वेळी काय होते? घोडा, भाला, खोगिराला बांधलेली भाकरी आणि पांघरायला घोंगडी. या युद्धाची कारणे पुष्कळ आहेत आणि ती सगळी तंबूंत सापडणार नाहीत. तरीही रोज पाच-सहा कोसांपलीकडे न जाणारे शहर आणि रात्रीत वीस कोस कापणारे स्वार यांच्या झुंजीत वेळ कोणाच्या बाजूने होती, हे दोड्डेरीने दाखवले.

नदीनेही आपला हिशेब मांडला. ब्रह्मपुरीचा मुक्काम इतका लांबला की अमीरांनी तंबू सोडून घरे बांधली. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला रात्री महापूर आला. खाफीखान दहा ते बारा हजार माणसे वाहून गेल्याचे सांगतो. घोडे, बैल आणि सामान यांची तर मोजदादच नव्हती. बादशहाने स्वतःच्या हाताने प्रार्थना लिहून ते कागद पाण्यात सोडायला सांगितले, असेही तो नोंदवतो. आकड्यात अतिशयोक्ती असेल. पण मेलेल्यांत बहुतेक कोण असावेत, याचा तर्क करता येतो. उंचवट्यावरची जागा मोठ्यांच्या डेऱ्यांसाठी राखलेली असे. सखल भागात पाणके, हमाल, फर्राश आणि त्यांची बायकामुले राहत. खेदाची गोष्ट ही की त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही बखरीत किंवा तवारिखेत नाही.

तीन वर्षांनी पुन्हा तेच. सातारा आणि परळी घेऊन परतताना १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री बादशाही तळ आजच्या सांगोले तालुक्यातील खवासपूर येथे माण नदीकाठी होता. एरवी कोरड्या पडणाऱ्या त्या पात्रात मध्यरात्री एकाएकी पाण्याचा लोंढा आला. छावणीत आरडाओरड झाली. मराठेच चालून आले असे समजून बादशहा घाईने उठला आणि अडखळून पडला. उजवा गुडघा निखळला तो कायमचाच. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पूर्वज तैमूरही लंगडा होता. तेव्हा हा वारसाच मिळाला, असे म्हणून दरबाऱ्यांनी धन्याचे समाधान केले. खुशामत कोणत्याही पुरात वाहून जात नाही.

पुढे उरलेली स्वारी त्याने बहुतांशी ‘तख्त-इ-रवाँ’वर, म्हणजे माणसांच्या खांद्यांवरून चालणाऱ्या सिंहासनावर बसून केली.

औरंगजेबाच्या सैन्यात चाकरी केलेला भीमसेन सक्सेना या काळाची एक व्यथा सांगून जातो. छावणीत मुले जन्मली, वाढली, म्हाताऱ्या माणसांत जमा झाली, पण घर कसे असते ते त्यांनी पाहिलेच नाही. जगात तंबूशिवाय दुसरा निवारा नसतो, एवढेच त्यांना ठाऊक.

असाच एक मुलगा गुलालबाराच्या आतच वाढत होता. १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये रायगड पडला तेव्हा शाहूराजे सात वर्षांचे होते. मातुःश्री येसूबाईंसह त्यांना बादशाही छावणीत आणले गेले. त्यांचे डेरे बादशहाच्या निवासाजवळच ठेवले जात. मनसब होती, चाकर होते, शाहजादी झीनतुन्निसा हिचा जिव्हाळाही लाभला. बाहेर पडायची मुभा तेवढी नव्हती. ब्रह्मपुरीची साडेचार वर्षे, माणेचा पूर, किल्ल्यामागून किल्ल्याचे वेढे, हे सगळे त्यांनी कनातींच्या आतून पाहिले. विवाहही छावणीतच झाले. आपल्याच राज्याविरुद्ध चाललेल्या युद्धात, शत्रूच्या चालत्या महालात एका राजपुत्राचे बालपण आणि तारुण्य सरले. गालिचे कितीही उंची असले तरी ती कैद होती. आजच्या हौशी तंबूत आणि त्या डेऱ्यात हाच फरक मुख्य आहे. पहाटे उठून घरी जाण्याचा हक्क.

हा चालता महाल थांबल्यावरही त्याची रीत मात्र गेली नाही. इंग्रजी अमदानीत हिवाळा लागला की जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघत. त्यांच्याही तंबूंचे दोन संच असत आणि एक पुढे जाई, अगदी पेशखान्यासारखाच. गाडे आणि बैल गावकऱ्यांकडून घेतले जात, बहुधा वेठीने. १८६० साली आगगाडी सोलापुरास आली. पुढे हाच मार्ग अक्कलकोट तालुक्यातून, मैंदर्गीशेजारच्या दुधनीवरून रायचुराकडे गेला आणि अधिकाऱ्यांचे तंबू रुळांवरच्या सलून डब्यांत जाऊन बसले. स्वयंपाकघर, पलंग, लिहायचे मेज, सारे डब्यातच.

तिकडे इंग्लंडात हीच हौस मध्यमवर्गाकडे उतरत होती. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी केवळ भटकंतीसाठी बांधवून घेतली. जिप्सींच्या गाड्या पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. १९३३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने जुने डबे दुरुस्त करून खेड्यांतील स्थानकांच्या बाजूच्या रुळांवर सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. आजच्या बसमधल्या आणि डब्यातल्या मुक्कामाचे थेट पूर्वज हे. बादशहाचा डेरा त्यांचा दूरचा, श्रीमंत नातेवाईक.

आता पुन्हा शाहूराजांकडे. १७०७ च्या फेब्रुवारीत औरंगजेब मेला. आझमशहा फौजेसह उत्तरेकडे निघाला आणि त्याने मे महिन्यात नर्मदेपलीकडे, भोपाळजवळच्या दोराह्याला, शाहूराजांना सोडले. साडेसतरा वर्षांनी ते छावणीबाहेर आले. दक्षिणेत परतताना पारद गावाशी चकमक झाली आणि तेथील लोखंडे पाटील त्यात मारला गेला. त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल महाराजांच्या पालखीत घातले, असे सांगतात. महाराजांनी ते मूल सांभाळले. पहिल्याच विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि त्याला भोसले आडनाव दिले. या फत्तेसिंहांना अक्कलकोटची जहागीर मिळाली. अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष ते हेच. मैंदर्गीकराला तहसील कचेरीच्या कामासाठी आजही ज्या अक्कलकोटला जावे लागते, त्याच्या राजघराण्याचा आरंभ असा एका पालखीत झाला.

शाहू महाराजांनी पुढे मोहिमा पेशव्यांवर आणि सरदारांवर सोपवल्या. स्वतः ते फारसे स्वारीवर गेले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवले आणि तेथे राहिले. आळशीपणाचा ठपका त्यांच्यावर अनेकांनी ठेवला आहे. तो ठेवताना त्यांची आधीची सतरा वर्षे कुठे गेली, हे लक्षात घ्यायला हवे.

येसूबाई मात्र १७०७ मध्ये सुटल्या नाहीत. ओलीस म्हणून त्यांना मोगलांनी मागे ठेवून घेतले, आणि छावणीबरोबर त्या दिल्लीस गेल्या. बाळाजी विश्वनाथ पेशवे सैन्यासह दिल्लीला जाऊन त्यांना घेऊन आले, तेव्हा १७१९ चा जुलै उजाडला होता. रायगड सोडल्याला तीस वर्षे होत आली होती.