गृध्रसी ते एमआरआय : राहून गेलेल्या दुखण्याचा इतिहास

मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. मानवी शरीरावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली छापला गेला. त्यात वेदनेचे चित्र असे आहे : पायाला विस्तव लागला की आतली दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. म्हणजे दोरी सुटली की घंटा थांबायला हवी. आज आपण जे दुखणं घेतलंय, ते या चित्रात बसत नाही.

सायटिका. कंबरेतून निघून मांडीच्या मागून थेट पोटरीत, पावलात उतरणारी कळ. आपल्याकडचं जुनं नाव गृध्रसी. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून. अशा माणसाला पाय उचलता येत नाही, हे सुश्रुतसंहितेत आहे. डॉक्टर आज आपल्याला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात, ती तपासणी युरोपात १८८० च्या सुमारास नोंदली गेली. (यावरून 'आमच्याकडे सगळं होतंच' म्हणायची घाई नको. निरीक्षण होतं, नसेचा शोध नव्हता.)

हे दुखणं खुब्याच्या सांध्याचं नसून नसेचंही असतं, हे १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी वेगळं काढलं. मग १९३४. बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की मणक्यांमधली गादी फुटून नसेच्या मुळावर येते. तुकडा काढला की माणूस चालू लागतो. देकार्तची दोरी ओढणारा हात सापडला! त्यानंतर कितीतरी वर्षं सायटिका म्हणजे दबलेली नस, एवढंच समीकरण राहिलं.

ते बिघडवलं ओस्लोच्या हेन्रिक वेबर यांनी. १२६ रुग्णांपैकी कोणाची शस्त्रक्रिया करायची, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं आणि दहा वर्षं त्यांच्या मागे राहिले. १९८३ साली निष्कर्ष आला : वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले बरे होते, चार वर्षांनी फरक जवळजवळ पुसला गेला, दहा वर्षांनी उरलाच नाही. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या गाद्या फुगलेल्या! आणि स्वीडनमध्ये १९९३ साली डुकरांच्या नसमुळावर गादीतला गर दाब न देता नुसता ठेवला, तरी नसेतलं संदेशवहन मंदावलं. म्हणजे दाब हेच सगळं नव्हे, दाहही आहे.

इथे आम्हांला न्यायदर्शनातला कुंभार आठवतो. तो घटाचं निमित्तकारण. पण घट एकदा झाला की कुंभार मेला तरी घट राहतो. दुखणं कशाने सुरू झालं आणि कशामुळे टिकलं, हे दोन प्रश्न आहेत. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप विरघळून लहान होते. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत, महिन्यांत उतरते. काहींची उतरत नाही. १९८३ सालीच क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं होतं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अधिक संवेदनशील होतात. घंटा स्वतःच बदलते म्हणा ना. आता ऑक्सफर्डचे संशोधक सायटिका नुकतीच सुरू झालेल्या लोकांमागे वर्षभर राहतात. नसमुळाची चित्रं, स्पर्श-उष्णतेची जाण, रक्तातल्या दाहाच्या खुणा, मनःस्थिती, सगळं एकत्र पाहतात. कोणाचा घट पक्का होणार, हे आधी ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न.

आमच्या घरी हे दुखणं दोन वर्षं होतं. दुसऱ्या एमआरआयमध्ये गादी बरीच आत गेलेली दिसली. एक डॉक्टर आमच्या पत्नीला म्हणाले, "आता दुखायला काही कारण उरलं नाही, बाई." त्यानंतर तिने घरात दुखण्याचं नाव काढणं सोडलं. पहाटे स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी असायची, कारण बसवत नसे. आणि आम्ही, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेले, आम्हीही रिपोर्टवर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिला जोडलेल्या टिपांत आहे, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा आदर करावा. आम्ही घरी मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी समिती लागली?"

बरं, प्रश्न घेऊ या.