काखेतल्या नळीची हकिकत



गेल्या साली आपल्या मंडळातील एका भगिनीचे स्तनाच्या कर्करोगावर ऑपरेशन झाले. ती घरी आली तेव्हा काखेखालून एक नळी निघालेली होती व नळीच्या टोकाला लहानशी बाटली. समाचाराला गेलेल्या बायका कुजबुजल्या, “अजून पाणी गळते आहे, रोग आत राहिला असणार.” तेव्हापासून ती बाटली पदराआड लपवू लागली. या नळीची हकिकत आपणांस ठाऊक असती, तर तिच्यावर ही पाळी आली नसती.

स्तनाचा कर्करोग पसरतो तो बहुधा प्रथम काखेतील गाठींत. त्या काढताना लसीका वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात आणि हाताकडून येणारे पाणी पोकळीत साचते. हे पाणी म्हणजे रोग नव्हे.

जखमेत रबरी नळी ठेवण्याची रीत पॅरिसचे शल्यवैद्य शासेन्याक यांनी १८५९ साली ग्रंथ लिहून मांडली. पुढे १८७१ साली स्कॉटलंडातील बाल्मोरल येथे राणी व्हिक्टोरियाच्या काखेतले गळू जोसेफ लिस्टर यांनी फोडले. पू नीट वाहीना, तेव्हा औषध फवारण्याच्या यंत्राची रबरी नळी कापून, ती कार्बोलिकमध्ये भिजवून त्यांनी जखमेत बसविली. याच लिस्टरांनी १८६७ साली सख्ख्या बहिणीच्या स्तनाचा कर्करोग स्वतःच्या हाताने काढला होता.

बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड यांनी १८९४ साली स्तन, छातीचे स्नायू व काखेतील गाठी एकत्र काढण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. एवढ्या मोठ्या जखमेत पाणी साचणारच. विसाव्या शतकाच्या मध्यास हवा काढलेली बंद बाटली आली. ती पाणी ओढून घेते, त्यामुळे कातडी छातीला चिकटते. १९९० नंतर रोग ज्या गाठीत प्रथम पोहोचेल तीच शोधून तपासण्याची युक्ती निघाली. ती निर्दोष निघाली तर बाकीच्या राखतात आणि पुष्कळदा नळीही लागत नाही.

पाणी आधी लालसर, मग पिवळसर होते आणि दिवसेंदिवस कमी होते. दुधाच्या हिशेबाप्रमाणे त्याचे माप रोज वहीत लिहावे. ते दिवसाला सुमारे ३० मिलिलिटरच्या खाली आले की डॉक्टर बहुधा नळी काढतात. ताप, लाली, दुर्गंधी वा सूज दिसल्यास मात्र त्यांना लगेच दाखवावे.

यापुढे अशा भगिनीच्या समाचारास जाल, तेव्हा कुजबुजू नका. तिची वही मागा आणि विचारा, “आज किती कमी झाले?”